जिन (इंग्रजी क्रियापद)

जिन हे इंग्रजी भाषेतील सकर्मक क्रियापद असून, वेचलेल्या कापसातील सरकी व रुई यंत्राने वेगळी करणे हा त्याचा आजचा प्रमुख अर्थ आहे. मराठीत ते क्रियापद म्हणून रुळले नाही. ‘जिनिंग’ हे क्रियेचे आणि ‘जिन’ हे कारखान्याचे नाव, अशा दोन नामांच्या रूपाने ते वऱ्हाडात घरोघरी पोहोचले.

व्युत्पत्ती

बुद्धी, कौशल्य या अर्थाच्या ‘इंगेनियम’ या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमधील ‘आंजँ’ व त्यापासून इंग्रजी ‘एंजिन’ हा शब्द आला. त्याचे आद्याक्षर गळून ‘जिन’ झाले. म्हणजे मराठीतील इंजिन आणि जिन हे एकाच शब्दाचे दोन अवतार होत. मध्ययुगीन इंग्रजीत जिन म्हणजे युक्ती, उपकरण किंवा फासा. त्यामुळे क्रियापदाचा जुना अर्थ ‘फाशात पकडणे’ असा होता. अमेरिकेत एली व्हिटनी याला १७९४ मध्ये सरकी काढण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले, त्यानंतर कापसाचा अर्थ वरचढ ठरला. मद्यवाचक ‘जिन’ या शब्दाचा याच्याशी संबंध नाही. तो डच भाषेतून आला आहे.

वऱ्हाडातील वापर

सरकी काढण्याचे काम येथे पूर्वी हातचरखीवर होत असे. रेल्वे आल्यावर अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठांत वाफेवर चालणारे जिन उभे राहिले. ‘गाडी जिनात लागली’ या बोलण्यात जिन म्हणजे यंत्र नव्हे, तर आवारासह सारा कारखाना. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील औद्योगिक क्षेत्रात आज सूत व कापड तयार होते. त्या साखळीची पहिली पायरी जिनिंग हीच.

या क्रियापदाचा अर्थ नीट न कळल्यास व्यवहारात घोटाळा होतो. इंग्रजीत जिनिंगच्या आधीच्या आणि नंतरच्या मालाला सर्रास ‘कॉटन’च म्हणतात. मराठी येथे अधिक नेमकी आहे: आधी कापूस, नंतर रुई. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई मिळते. या प्रमाणास उतारा म्हणतात. उरलेला भाग मुख्यतः सरकीचा असून तिच्यापासून तेल व ढेप मिळते. शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, तर रुईचे भाव सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर निघतात. त्यामुळे इंग्रजी बातमीतील भाव कापसाचा समजून हिशेब केल्यास तो चुकतो. उतारा आणि सरकीची किंमत धरूनच कापसाचा भाव ठरतो.