निद्रानाश : यंत्र म्हणतं झोपलात, माणूस म्हणतो नाही

एक प्रश्न विचारते. निद्रानाश मोजायचा कसा? तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे. निद्रानाशाला काय आहे? "सोपं आहे, किती तास झोप झाली ते मोजायचं," असं तुम्ही म्हणाल. हा विषय पहिल्यांदा वाचायला घेतला तेव्हा मीही हेच म्हटलं असतं. पण गेल्या शंभर वर्षांतलं निद्रानाशाचं संशोधन म्हणजे हे सोपं उत्तर हळूहळू कसं मोडत गेलं याची गोष्ट आहे. उद्या तुम्ही कुठल्याही विषयात काम केलंत तरी ही गोष्ट उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

आपला 'निद्रानाश' हा शब्द जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, झोपेचा विचार आहे आणि झोप उडण्याची कारणंही दिली आहेत. त्यात आजाराच्या बरोबरीने कामसुद्धा आहे! तर झोप न येणं ही काही मोबाइल आल्यावर सुरू झालेली तक्रार नाही. मात्र मेंदूत नेमकं कुठे काय बिघडतं, याचा पहिला ठोस धागा सापडला तो पहिल्या महायुद्धाच्या काळात, व्हिएन्नामध्ये.

१९१६-१७ च्या हिवाळ्यात तिथल्या दवाखान्यात विचित्र रुग्ण यायला लागले. बोलता बोलता, जेवता जेवता झोपणारे. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो या डॉक्टरने १९१७ मध्ये या आजाराचं वर्णन करून त्याला 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' हे नाव दिलं. (हे गृहस्थ हौशी वैमानिकही होते.) नावातच सुस्ती आहे, म्हणजे झोपाळू रुग्ण हाच आजाराचा चेहरा ठरला. पण थोड्या रुग्णांमध्ये बरोबर उलटं होत होतं. त्यांना झोपच लागत नव्हती.

आता इथे जरा थांबा. आपल्या हातात असा डेटा आला तर आपण काय करू? बहुतेक जण त्या थोड्या लोकांना अपवाद म्हणून तळटीपेत टाकतील. फॉन इकोनोमोने तसं केलं नाही. मृत रुग्णांचे मेंदू तपासताना त्याने दोन्ही गट वेगवेगळे पाहिले. झोपाळू रुग्णांमध्ये इजा हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला, मध्यमेंदूच्या सांध्यापाशी होती आणि झोप उडालेल्यांमध्ये ती हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात होती. त्यावरून त्याने अंदाज बांधला की पुढच्या भागात झोप आणणारं काहीतरी आहे. म्हणजे झोप ही नुसती जागेपणा संपल्यावर उरणारी स्थिती नाही, मेंदू ती मुद्दाम घडवून आणतो.

१९३१ मध्ये तो वारला. १९४६ मध्ये नाउटाने उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागाला इजा केली, तर उंदरांची झोप उडाली. आणि १९९६ मध्ये हार्वर्डच्या क्लिफर्ड सेपर यांच्या गटाने त्याच परिसरात झोपेत सक्रिय होणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका दाखवला. अंदाज ते पेशी, जवळपास ७० वर्षं लागली.

मधल्या काळात मोजमापाची साधनं आली. हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी आरईएम झोप दाखवली. १९६८ मध्ये रेक्टशॅफेन आणि केल्स यांनी झोपेचे टप्पे ठरवण्याची नियमावली तयार केली. त्यात आलेखाचे २० किंवा ३० सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एकच टप्पा द्यायचा. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साधन हातात आल्यावर निद्रानाशाचे रुग्ण प्रयोगशाळेत झोपवून पाहणं ओघानेच आलं. १९७६ मध्ये स्टॅनफर्डमधून मेरी कार्सकॅडन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. निद्रानाशाची जुनी तक्रार असलेले, पण औषध न घेणारे १२२ लोक त्यात होते. बहुतेकांनी झोप लागायला लागलेला वेळ यंत्रापेक्षा जास्त सांगितला आणि एकूण झोप कमी सांगितली. काहींची झोप तर आलेखावर बऱ्यापैकी ठीक दिसत होती.

मग खरं कोणाचं? यंत्राचं की माणसाचं? त्या काळात अशा रुग्णांसाठी 'स्यूडो-इन्सोम्निया', म्हणजे खोटा निद्रानाश, असा शब्द चालायचा. १९९० च्या वर्गीकरणात तो 'झोपेच्या स्थितीची चुकीची जाणीव' झाला आणि २००५ मध्ये 'विरोधाभासी निद्रानाश'. नाव कसं बदलत गेलं बघा. आधी रुग्ण खोटा, मग रुग्ण चुकलेला, मग कोडं आपल्याला न सुटलेलं. मला विचाराल तर यातली शेवटची पायरी सगळ्यात प्रामाणिक आहे. कारण १९९० च्या दशकात ईईजीचं बारीक विश्लेषण झालं, तेव्हा निद्रानाशाच्या रुग्णांत झोपेतही वेगवान बीटा लहरी जास्त आढळल्या. जागेपणाची खूण झोपेत मिसळलेली होती. ३० सेकंदांना एकच टप्पा द्यायचा म्हटल्यावर ती दिसणार कशी?

आता दिवसाकडे येऊ. निद्रानाशाचा त्रास रात्रीपुरता नसतो. चिडचिड, थकवा, वाचलेलं डोक्यात न शिरणं, हे सगळं दिवसा भोगावं लागतं. प्रबंध लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सरळ तर्क असा की झोप कमी मिळाली म्हणून हे झालं. बॉनेट आणि अरंड यांनी हा तर्क तपासायला १९९६ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. निद्रानाशाच्या रुग्णाची रात्र जशी तुटक होती, तशीच तुटक रात्र एका चांगल्या झोपणाऱ्या माणसाला द्यायची, तेही आठवडाभर. रुग्ण जेव्हा जागा, तेव्हा यालाही जागं ठेवायचं. त्रासाचं मूळ फक्त कमी झोपेत असतं तर हे लोक आठवड्यात निद्रानाशाच्या रुग्णांसारखे व्हायला हवे होते. झाले नाहीत. ते पेंगुळले, पण रुग्णांमध्ये दिसणारा ताण आणि वाढलेला चयापचय त्यांच्यात आला नाही.

हाच तो फरक. परीक्षेआधी जागलेला माणूस दुपारी बाकावर डोकं टेकताच झोपतो. निद्रानाशाचा रुग्ण थकून जातो, पण दुपारी आडवा झाला तरी त्याचा डोळा लागत नाही. त्याचं शरीर २४ तास जरा जास्तच जागं असतं. या कल्पनेला अतिउत्तेजन म्हणतात.

उपचारही बदलले. न्यूयॉर्कच्या आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये कारणांचे तीन थर मांडले. एक, मुळातली प्रवृत्ती. दोन, निमित्त, म्हणजे नोकरी जाणं, घरातलं आजारपण, परीक्षा. आणि तीन, निमित्त सरल्यावरही त्रास टिकवून ठेवणाऱ्या सवयी, जसं झोप भरून काढायला लवकर अंथरुणात पडणं, सकाळी लोळत राहणं. मला हा तिसरा थर फार आवडतो, कारण तो आपल्या सगळ्यांच्या सल्ल्याच्या विरुद्ध जातो. "झोप येत नाही ना, मग नुसतं पडून राहा," असं आजी सांगते. स्पीलमन उलट अंथरुणातला वेळच कमी करायला लावत. डायरीत सरासरी सहा तास झोप दिसली तर अंथरुणात सहाच तास, आणि झोप सलग होईल तसा वेळ थोडा थोडा वाढवायचा. (हे घरच्या घरी करून बघू नका. सुरुवातीला दिवसा पेंग येते, गाडी चालवणाऱ्याला ते महागात पडेल.) हीच पद्धत पुढे वर्तनोपचाराचा भाग झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तीव्र नव्हे तर दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हा उपचार सुचवला.

तर पहिल्या प्रश्नाकडे परत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये निद्रानाशाची व्याख्या आहे : झोपेबद्दल असमाधान, आठवड्यात किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोपेची पुरेशी संधी असूनही, आणि त्यामुळे दिवसाच्या कामात अडचण किंवा त्रास. किती तास झोप झाली याचा आकडा त्यात नाही. ईईजीची अटही नाही. म्हणून या विषयावरचा शोधनिबंध हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, पद्धतीचा भाग उघडते आणि रुग्ण निवडताना त्यांनी कोणाचं ऐकलं ते बघते.