मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएल व होंडा एनएसएक्स

वेगवान मोटारगाड्यांच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या गाड्या. पहिली पश्चिम जर्मनीत १९५४ मध्ये व दुसरी जपानमध्ये १९९० मध्ये तयार होऊ लागली. दोन्ही दोन आसनी असून त्यांची सहा सिलिंडरांची एंजिने जवळजवळ सारख्याच घनफळाची (अनुक्रमे २,९९६ व २,९७७ घ. सेंमी.) होती. तथापि वेगाबरोबर येणारी जोखीम चालकाने पेलावयाची की यंत्राने, या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे भिन्न आहेत.

३०० एसएलचा उगम शर्यतीच्या गाडीत आहे. डायमलर-बेंझ कंपनीतील रूडोल्फ ऊलेनहाउट व त्यांचे सहकारी यांनी कंपनीच्या मोठ्या प्रवासी गाडीचे एंजिन वापरून ही शर्यतीची गाडी बनविली. एंजिन जड असल्याने सांगाडा बारीक पोलादी नळ्या त्रिकोणांत जोडून हलका केला. १९५२ मध्ये तिने ल मां येथील २४ तासांची व मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना या शर्यती जिंकल्या. सांगाड्याच्या बाजू उंच असल्याने दारे छपराला बिजागऱ्यांनी जोडावी लागली; उघडल्यावर ती पक्ष्याच्या पंखांसारखी दिसत. अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहामुळे रस्त्यावरील आवृत्ती निघाली. सिलिंडरात थेट इंधन-अंतःक्षेपण करणारी चार धावांच्या एंजिनाची ही पहिली उत्पादित मोटारगाडी होय. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमान-एंजिनांत वापरले गेले होते. एंजिनाची शक्ती २१५ अश्वशक्ती होती व योग्य दंतचक्र-गुणोत्तर निवडल्यास कमाल वेग ताशी सु. २६० किमी. पर्यंत जाई. मात्र मागील आस सांध्यावर झुलणारा असल्याने वळणावर चाकांचा कल बदले आणि चालकाने प्रवेगकावरून एकाएकी पाय काढल्यास गाडीचा मागील भाग बाहेर फेकला जाण्याचा संभव असे. १९५७ मधील उघड्या आवृत्तीत हा दोष बराच कमी करण्यात आला. १९६१ मध्ये तबकडी ब्रेक आले व १९६३ मध्ये उत्पादन थांबले.

३०० एसएल विक्रीस आली तेव्हा होंडा कंपनी केवळ दुचाकी वाहने बनवीत होती. तिची पहिली चारचाकी वाहने १९६३ मधील आहेत. एनएसएक्सचा संपूर्ण सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. चालकामागे बसविलेल्या एंजिनात टिटॅनियमचे संयोगदांडे होते, तसेच वेगानुसार झडपांच्या उघडझापीचा काळ व उचल बदलण्याची योजना होती. चालकाला सभोवार स्पष्ट दिसावे म्हणून कक्षाची रचना एफ-१६ विमानावरून सुचली. १९८९ मध्ये ब्राझीलचे शर्यतपटू आयर्टन सेना यांनी सुझुका येथे नमुना-गाडी चालवून ती पुरेशी ताठ नसल्याचे सांगितले. त्यानंतर जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे चाचण्या घेऊन सांगाडा दृढ करण्यात आला. चाके अडकू न देणारे ब्रेक व चाकांची घसरण रोखणारे नियंत्रण यांचीही योजना होती. उत्पादन २००५ पर्यंत चालले.

छत्तीस वर्षांच्या अंतराने आलेल्या एनएसएक्सचा कमाल वेग ताशी सु. २७० किमी., म्हणजे ३०० एसएलच्या तुलनेत फारसा अधिक नव्हता. खरी प्रगती झाली ती तो वेग सामान्य कौशल्याच्या चालकाच्या आवाक्यात आणण्यात. मॅक्लारेन एफ१ या गाडीचे अभिकल्पक गॉर्डन मरी यांनी चालविण्यातील सुलभतेचा मानदंड म्हणून एनएसएक्सच स्वीकारली. ३०० एसएलने शर्यतीचे तंत्र रस्त्यावर आणले, पण त्याची किंमत चालकाच्या सावधपणातून वसूल केली. एनएसएक्सने ती जबाबदारी बऱ्याच अंशी अभिकल्पकाकडे सोपविली.