दोन लाख पोशाख, दोन हंगाम

१/ वर्षाला २,००,००० पोशाख. त्यांपैकी निम्मे वसंतात, निम्मे शरदात. मुहम्मद बिन तुघलकाच्या (१३२५–१३५१) वस्त्रवाटपाचा हा आकडा अल्-उमरी या अरब लेखकाने नोंदवला आहे. तो स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. प्रवाशांच्या सांगण्यावरून त्याने लिहिले. आकडा गोल असला, तरी त्यामागची व्यवस्था विचार करण्याजोगी आहे. #थ्रेड

२/ कापड हंगामानुसार ठरे. वसंतातील पोशाखांसाठी मुख्यतः अलेक्झांड्रियाचे कापड वापरले जाई. शरदातील पोशाख रेशमी असत आणि ते रेशीम दिल्लीत विणलेले किंवा चीन व इराकमधून आणलेले असे. सुलतानाच्या पदरी जरीचे कापड विणणारे ५०० कारागीर वेगळे होते.

३/ एडनहून येणारी जहाजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. वारा चुकला की पुढच्या वर्षाची वाट पाहणे आले. अर्थात समुद्रमार्गे येणाऱ्या वसंताच्या कापडाची तजवीज आदल्या पावसाळ्यापूर्वीच करावी लागणार.

४/ पुढे फिरोजशाहाच्या काळी (१३५१–१३८८) ३६ कारखाने होते. इतिहासकार अफीफ सांगतो, जामदारखान्यात केवळ हिवाळी वस्त्रांवर ६ लाख टंके खर्च होत. वसंत आणि उन्हाळ्याचा खर्च निराळा.

५/ ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. शिवकालीन अठरा कारखान्यांत जामदारखाना आणि फरासखाना येतात. पुण्यात तर फरासखाना हे नाव आजही रोजच्या बोलण्यात आहे. ‘शिरपाव’ हा शब्दही फारसी ‘सर-ओ-पा’ वरून आला: डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख.

६/ एवढा खर्च कशासाठी? राजाने दिलेले वस्त्र अंगावर घेणे म्हणजे त्याची चाकरी जाहीरपणे मान्य करणे. इस्लामी जगात ‘तिराझ’ नावाच्या वस्त्रपट्टीवर राज्यकर्त्याचे नावच विणले जाई. वर्षातून दोनदा वस्त्र देणे म्हणजे तो संबंध वर्षातून दोनदा ताजा करणे.

७/ देणाराही या नियमातून सुटला नव्हता. १३४४ मध्ये कैरोच्या अब्बासी खलिफाकडून मुहम्मद बिन तुघलकाला खिलत आणि सनद आली. ती स्वीकारण्यासाठी सुलतान पायी सामोरा गेला. हजारोंना वस्त्रे देणाऱ्यालाही स्वतःच्या सत्तेला मान्यता हवी होती आणि तीही वस्त्राच्याच रूपाने आली.

८/ तरीही तीनच वर्षांत, १३४७ मध्ये, सुलतानाच्याच सेवेतील अमीरांनी दौलताबादेत स्वतंत्र बहमनी राज्य उभे केले. सुलतानाने अमीरांविरुद्ध उचललेली कठोर पावले या बंडामागे होती. जिवाचीच हमी उरली नाही, तेव्हा दरबारी पोशाखाने जोडलेले नाते टिकले नाही. पोशाखावरून माणूस कोणाचा हे कळते. तो किती काळ त्याचाच राहील, हे मात्र वागणुकीवर ठरते.