एकच काळ, दोन मुली
वर्णद्वेषाची ओळख करून देणाऱ्या दोन अभिजात कादंबऱ्या

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. न्यायालयात बसण्याच्या जागाही वेगळ्या असत. कायद्याने आणि रूढीने पोसलेला हा भेदभाव मुलांना समजावा, यासाठी दोन कादंबऱ्या आवर्जून वाचायला दिल्या जातात. पहिली हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) आणि दुसरी मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६). दोन्हींचा काळ १९३०च्या दशकातील महामंदीचा आहे. पहिलीची कथा अलाबामात, तर दुसरीची शेजारच्या मिसिसिपी राज्यात घडते. दोन्हींची निवेदक एक लहान मुलगी आहे. मात्र त्यांपैकी एक गोरी आहे आणि दुसरी कृष्णवर्णीय. या एका फरकामुळे दोन्ही पुस्तकांतून मिळणारे धडे वेगळे होतात.

स्काउटने पाहिलेला खटला

‘मॉकिंगबर्ड’ची कथा मेकॉम्ब या काल्पनिक गावात घडते. आई नसलेली स्काउट आणि तिचा मोठा भाऊ जेम यांना वडील अ‍ॅटिकस आणि कृष्णवर्णीय स्वयंपाकीण कॅलपर्निया वाढवितात. अ‍ॅटिकस वकील आहेत. गोऱ्या तरुणीवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप असलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुराचा बचाव त्यांच्याकडे सोपविला जातो. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झालेला असतो. तरुणीला झालेली मारहाण मात्र डावखुऱ्या माणसाने केली असावी, हे अ‍ॅटिकस न्यायालयात दाखवून देतात. तरीही गोऱ्यांची ज्यूरी टॉमला दोषी ठरविते. पुरावा स्पष्ट असूनही निकाल उलटा लागतो, हे जेमला सहन होत नाही. बालवाचकालाही पहिला धक्का इथेच बसतो.

धैर्याची व्याख्याही या कादंबरीत बदलते. अ‍ॅटिकस एका गोळीत पिसाळलेला कुत्रा मारतात, तेव्हा मुलांना वडिलांचा अभिमान वाटतो. पण वडील त्यांच्यापुढे वेगळाच आदर्श ठेवतात. तो असतो श्रीमती दुबोज या तिरसट शेजारणीचा. मरण्यापूर्वी मॉर्फिनच्या व्यसनातून सुटण्यासाठी ही वृद्धा मरणप्राय यातना सोसते. हार ठाऊक असतानाही लढणे म्हणजे धैर्य, हा त्यामागचा विचार टॉमच्या खटल्यालाही लागू पडतो.

कॅसीच्या घरची जमीन

‘रोल ऑफ थंडर’मधील कॅसी लोगन नऊ वर्षांची आहे. ज्या भागात बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या जमीनदारांची शेती वाट्याने कसतात, तिथे लोगन कुटुंबाची स्वतःची चारशे एकर जमीन आहे. कर्ज व कर भागविण्यासाठी वडील परराज्यात रेल्वेमार्गावर काम करतात, तर आई शिक्षिका आहे. गोऱ्यांच्या शाळेत वापरून जीर्ण झालेली पुस्तके या मुलांच्या वर्गात येतात. पुस्तकाच्या आतील तक्त्यात आपल्या वंशाचा हिणकस उल्लेख पाहून कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ ते पुस्तक पायाखाली तुडवितो. या मुलांसाठी बस नसते. गोऱ्या मुलांची बस रोज त्यांच्या अंगावर चिखल उडवून जाते.

शेजाऱ्यांना जाळणाऱ्या गोऱ्या दुकानदारांवर लोगन कुटुंब बहिष्कार घडवून आणते आणि त्याची किंमतही मोजते. आईची नोकरी जाते, वडिलांवर हल्ला होतो. अखेरीस मुलाच्या मित्राला जमावापासून वाचविण्यासाठी वडील स्वतःच्याच कापसाला आग लावतात. इथे धैर्य केवळ न्यायालयातील युक्तिवादापुरते नसते. घर, जमीन आणि जीव यांचा हिशेब रोज नव्याने मांडावा लागतो.

पाहणे आणि सोसणे

स्काउट अन्याय पाहते, कॅसीला तो सोसावा लागतो. स्काउटला वडील दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करायला शिकवितात. कॅसीला मात्र कोणत्या वेळी बोलायचे आणि कोणत्या वेळी गप्प राहायचे, हे आईवडिलांकडून शिकावे लागते. ‘मॉकिंगबर्ड’वरील प्रमुख आक्षेपही याच मुद्द्याशी निगडित आहे. टॉमची बायको व मुले कथेत जेमतेम दिसतात आणि कृष्णवर्णीयांचा उद्धारकर्ता गोरा वकीलच ठरतो, असे टीकाकार म्हणतात. कादंबरीतील वंशवाचक अपशब्दही वादाचा विषय ठरले. २०१७ मध्ये मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे आठवीच्या अभ्यासक्रमातून ती काढण्यात आली होती. लेखिकेने त्याआधी लिहिलेली, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गो सेट अ वॉचमन’ वाचताना तर अनेकांना धक्का बसला. तिच्यातील वृद्ध अ‍ॅटिकस वर्णभेदाच्या बाजूने झुकलेले दिसतात.

लेखिका आणि गौरव

हार्पर ली (१९२६-२०१६) यांचा जन्म अलाबामातील मन्रोव्हिल येथे झाला. त्यांचे वडील वकील होते. ‘मॉकिंगबर्ड’ला १९६१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६२च्या चित्रपटातील अ‍ॅटिकसच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळाले. १९४३ मध्ये मिसिसिपीत जन्मलेल्या मिल्ड्रेड टेलर ओहायोत वाढल्या. वडिलांकडून ऐकलेल्या घराण्याच्या कथांतून त्यांचे लेखन घडले. ‘रोल ऑफ थंडर’ला १९७७ मध्ये बालसाहित्याचे न्यूबेरी पदक मिळाले.

पालकांसाठी

‘रोल ऑफ थंडर’ साधारण अकराव्या वर्षापासून वाचता येईल. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये बलात्काराच्या आरोपाचा खटला असल्याने ती तेराव्या वर्षानंतर द्यावी. दोन्हींत हिंसा आणि अपशब्द आहेत, त्यामुळे पालकांनी सोबत वाचून चर्चा करणे उत्तम. शक्यतो दोन्ही पुस्तके वाचावीत. पहिल्या पुस्तकातून मुले दुसऱ्याचे दुःख समजून घ्यायला शिकतील. ज्याचे दुःख आहे, त्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकण्याची सवय मात्र दुसऱ्या पुस्तकातून लागेल.