भिंतीवाचून तुरुंग

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा बोलपट पुष्कळ भगिनींनी पाहिला असेल. ती कल्पना जेथून आली ते स्वतंत्रपूर आपल्याच महाराष्ट्रात, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे.

तेव्हा तो मुलूख औंध संस्थानात होता. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी व मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ साली ही वसाहत काढली. भोवती भिंत नाही, पायात बेडी नाही. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याने जमीन कसायची, आणि राहायचे ते बायकामुलांसह.

मला हेच फार मोलाचे वाटते. गुन्हा नवऱ्याचा, पण मागे राहिलेल्या बाईला कोण दारात उभे करते? पोरांना बापाच्या नावाने टोमणे. स्वतंत्रपुरात तीच बाई नवऱ्याबरोबर शेतात खुरपते, सांजेला चूल पेटवते, आणि मुले बापाच्या पंगतीला बसतात. मग त्या माणसाने पळावे तरी कोणाकडे? राजेसाहेबांना हे कसे उमगले, याचेच नवल वाटते.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. वसाहत सरकारी तुरुंगखात्याकडे आली व आजही चालू आहे.