तळटीप : कलम १९८३ आणि कैद्यांचे दावे

* ‘१९८३चा दावा’ : हे साल नव्हे, अमेरिकेच्या संघीय कायद्यातले कलम आहे. मूळ कायदा १८७१चा, यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लानने मांडलेल्या उच्छादाला आळा घालण्यासाठी केलेला. राज्याच्या अधिकाऱ्याने घटनेने दिलेला हक्क हिरावला, तर या कलमाखाली त्याच्यावर थेट संघीय न्यायालयात दावा लावता येतो. तुरुंगाच्या भिंतीआड हा कायदा पोचायला मात्र जवळजवळ शतक लागले. इलिनॉयमधील टॉमस कूपर या कैद्याला त्याच्या धर्माची प्रकाशने विकत घेऊ दिली जात नव्हती. त्याची फिर्याद ऐकून घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ठरवले. पुढे टेक्सासच्या तुरुंगात ट्रक उतरवताना गँबल या कैद्याच्या अंगावर कापसाचा गठ्ठा पडला आणि पाठ दुखावली. त्याच्या खटल्यात (१९७६) एक तत्त्व ठरले : गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून केलेली डोळेझाक ही घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षाच होय. डॉक्टरविरुद्धचा त्याचा स्वतःचा दावा मात्र टिकला नाही.

लेखकाने सांगितलेली ‘खात्यातली कपात’ १९९६च्या कायद्याने आली. गरीब कैद्यालाही न्यायालयाची फी माफ होत नाही. तुरुंगातल्या त्याच्या खात्यातून ती हप्त्याहप्त्याने वळती होते. शिवाय दावा लावण्याआधी तुरुंगातली अंतर्गत तक्रार शेवटच्या पायरीपर्यंत नेणे सक्तीचे. तिची मुदत हुकली की बहुधा दावाच बाद होतो, मग जखम कितीही खरी असो. संपादकाला ही अट अन्यायाची वाटते, कारण तक्रारीचे नियम आणि मुदती तुरुंगच ठरवतो.