रूप पालटलेली जुनी मोटारसायकल : विकत घेण्यापूर्वी काय पारखावे?

जुन्या दुचाकींच्या बाजारात अलीकडे एक वेगळा वर्ग ठळकपणे दिसतो. मागचा मडगार्ड कापलेली बुलेट, आखूड हँडलची ‘कॅफे रेसर’, पुढचा फोर्क लांबवलेली ‘चॉपर’ किंवा नवा रंग चढवलेली यामाहा आरएक्स 100, अशा गाड्या तरुणांना चटकन भुरळ घालतात. ‘इंडिया बाईक वीक’सारखे मेळावे 2013 पासून अनेक वर्षे गोव्यात भरले, त्यामुळे हे आकर्षण येथे अधिकच रुजले. मात्र अशी गाडी घेणे म्हणजे केवळ जुने वाहन घेणे नव्हे. आधीच्या मालकाची आवड, गॅरेजवाल्याचे कौशल्य आणि दोघांच्याही चुका खरेदीदाराच्या पदरी येतात. म्हणूनच निर्णय तीन कसोट्यांवर घ्यावा : कायदा, सुरक्षितता आणि किंमत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. वाहनाच्या रचनेत बदल होऊन त्याचे मूळ स्वरूपच पालटणे, असा ‘बदल’ या शब्दाचा अर्थ कायद्याने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात.

याचा अर्थ प्रत्येक जोडणी बेकायदा ठरते असा नव्हे. वेगळी सीट, सामानाची चौकट, इंजिनरक्षक कठडा यांसारख्या वस्तू आणि चेसिस कापणे, चाकांमधील अंतर वाढवणे, भलत्याच क्षमतेचे इंजिन बसवणे यांत मोठे अंतर आहे. रंगाची नोंद मात्र आरसीवर असते. गाडी काळी आणि कागदावर लाल असेल, तर ती नोंद दुरुस्त करून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये.

सायलेन्सरचा प्रश्न वेगळा आहे. फटाक्यासारखे आवाज काढणारा सायलेन्सर केवळ शेजाऱ्यांचीच झोप उडवत नाही. ध्वनी वा वायुप्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम 190 नुसार पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाहन परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. बदल आधीच्या मालकाने केला, ही सबब रस्त्यावर ‘तालांव’ टाळण्यास पुरेशी पडत नाही. मूळ सायलेन्सर विक्रेत्याकडे आहे का, हा म्हणूनच पहिला प्रश्न असावा.

कागदपत्रांची पडताळणी

चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक आरसीशी अक्षरशः ताडून पाहावेत. चेसिस क्रमांक बहुधा हँडलखालच्या नळीवर किंवा तिच्याजवळ कोरलेला असतो. त्या जागी घासल्याच्या खुणा, जाड रंगाचा थर किंवा नवे वेल्डिंग दिसले, तर पुढे बोलणी करू नयेत. इंजिन दुसऱ्या गाडीचे असेल, तर त्याची रीतसर नोंद झाल्याशिवाय ती गाडी कागदोपत्री अपुरीच ठरते.

‘परिवहन’ संकेतस्थळावर नोंदणीची वैधता, विमा, कर्जाचा बोजा आणि दंडाची थकबाकी पाहता येते. खासगी दुचाकीची पहिली नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतरच्या नूतनीकरणासाठी गाडी निरीक्षकासमोर न्यावी लागते आणि कापलेला मडगार्ड किंवा गायब झालेले इंडिकेटर तेथे आडवे येतात. चौदा वर्षांची ‘बॉबर’ स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

गोव्यात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत क्रमांक मिरवतात. अशी गाडी विक्रीस आली असेल, तर तिची नोंद खासगी वापरासाठी बदलली आहे का, हे आरसीवर पाहावे. सिंधुदुर्ग, कोल्हापूर किंवा बेळगावहून आलेल्या गाडीसाठी तेथील कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते आणि येथे नव्याने रस्ता कर भरावा लागतो. हा खर्च आधीच हिशेबात धरावा.

मालकी हस्तांतराचे फॉर्म 29 व 30 कोरे ठेवून केवळ सह्या घेण्याची पद्धत सर्रास दिसते. अशा ‘खुल्या’ कागदांवर गाडी तीन हातांतून फिरते, पण आरसीवर पहिलाच मालक राहतो. अपघात झाल्यास भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. आरसीवरील व्यक्ती समोर नसेल, तर पैसे देऊ नयेत. खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत विमा कंपनीलाही मालकबदल कळवावा. न कळवलेल्या बदलांमुळे गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो.

यंत्र आणि सांगाडा

बदललेल्या गाडीत चकाकी पाहू नये, सांधे पाहावेत. सीट काढायला सांगून चेसिसचा मागचा भाग तपासावा. कापून पुन्हा जोडलेल्या नळ्यांवरील वेल्डिंग सलग आणि एकसारखे असावे. गोळे, छिद्रे किंवा तडे दिसले, तर दोघांचे वजन आणि खड्डे तो सांधा फार काळ पेलणार नाही. समुद्राची खारी हवा आणि कोकणपट्टीचा पाऊस अर्धवट रंगवलेल्या वेल्डिंगला आतून खातो. पेट्रोलच्या टाकीतही विजेरी टाकून गंज पाहावा.

फोर्क लांबवला की पुढच्या चाकाचा कल बदलतो. सरळ महामार्गावर अशी गाडी स्थिर वाटते, पण चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणावर हँडल जड होते आणि कमी वेगात पुढचे चाक एका बाजूला कलंडू पाहते. मागे अतिरुंद टायर बसवला असेल, तर गाडी वळणात झुकण्यास नाखूश असते. चेन टायरला किंवा स्विंगआर्मला घासते का, तेही पाहावे. टायरच्या बाजूवरील चार अंक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात : 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

सर्वाधिक त्रास वायरिंग देते. मूळ वायरिंग कापून चिकटपट्टीने जोडलेले असेल, तर पहिल्या मुसळधार पावसात गाडी बंद पडते. शॉर्टसर्किट झाल्यास आगीचाही धोका असतो. साध्या मल्टीमीटरने बॅटरी तपासावी. इंजिन बंद असताना सुमारे 12.5 व्होल्ट आणि वेग दिल्यावर 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसणे अपेक्षित आहे.

इंजिन थंड असतानाच गाडी पाहण्याचा आग्रह धरावा. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर सकाळी पुन्हा जावे. चारस्ट्रोक इंजिनातून सातत्याने निळसर धूर येणे म्हणजे तेल जळत असल्याची खूण. आरएक्स 100 सारख्या टूस्ट्रोक गाडीत मात्र थोडा धूर स्वाभाविक असतो. एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून कार्ब्युरेटरचे जेट किंवा इंधनाची इलेक्ट्रॉनिक मांडणी तशीच ठेवली असेल, तर इंजिनाला पेट्रोल अपुरे पडून ते अवाजवी तापते. काय बदलले, कोणी बदलले आणि त्याच्या पावत्या आहेत का, या तीन प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा विक्रेता विश्वासास पात्र ठरतो.

किंमत कशी ठरवावी?

‘गाडीवर दीड लाख खर्च केला आहे’ हे वाक्य किमतीचा आधार होऊ शकत नाही. बदलांवरचा खर्च विक्रीत क्वचितच परत येतो, कारण तो आवडीवर झालेला असतो. हिशेब उलट बाजूने करावा. समजा, त्याच सालच्या मूळ स्वरूपातील गाडीला 90,000 रुपये मिळतात. सायलेन्सर, मडगार्ड, दिवे व वायरिंग पूर्ववत करण्यास 25,000, टायर-चेन-ब्रेकला 10,000 आणि कागदपत्रांना 5,000 रुपये लागणार असतील, तर देऊ करण्याची कमाल रक्कम 50,000 ठरते. मूळ सुटे भाग गाडीसोबत मिळत असतील, तर ती तेवढ्या प्रमाणात वाढवता येईल.

निर्णयाची सीमारेषा

स्क्रूने बसवलेले बदल स्क्रूने काढता येतात. कापलेली चेसिस पूर्ववत होत नाही. क्रमांक जुळत असतील, सांगाडा अखंड असेल, मालक समोर असेल आणि गाडी मूळ रूपात आणण्याचा खर्च परवडत असेल, तर अशी गाडी आनंद देऊ शकते. चेसिस कापलेली, इंजिनाची नोंद नसलेली किंवा खुल्या कागदांवर फिरणारी गाडी मात्र कितीही देखणी आणि कितीही स्वस्त असली, तरी ती सोडून देणेच हिताचे. शंका राहिल्यास विश्वासू मेकॅनिकला सोबत न्यावे. त्याला द्यावे लागणारे काहीशे रुपये हा या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा आहे.